कासव पुन्हा पुन्हा सुस्त पडतंय? बल्ब बदलण्याआधी दिवे नेमके कुठे लावलेत ते बघा

माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी एकच प्रकार व्हायचा. रशियन कासव आहे, मादी, साधारण १५ सेंटीमीटरची, एरवी एकदम खादाड. पण मधेच एखाद्या सकाळी ती बाहेरच यायची नाही, आली तरी दोन घास खाऊन परत मातीत घुसायची, डोळे अर्धवट मिटलेले, दोन-दोन दिवस शी नाही. मला वाटायचं गारठलीये, म्हणून मी जास्त वॅटचा बल्ब लावायचो, आठ-दहा दिवस बरं चालायचं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ६० वॅटवरून ७५, ७५ वरून १००. तिसऱ्या वेळी व्हेटकडे नेली तर त्यांनी औषधाचं नावच काढलं नाही, आधी विचारलं, "ती बसते तिथे तापमान किती असतं?" मी म्हटलं एकतीस. "कुठे मोजलंत?" भिंतीला चिकटवलेल्या गोल काट्याच्या थर्मामीटरवर. "मग ते भिंतीचं तापमान झालं. कासवाचं मोजून आणा."

घरी आल्यावर इन्फ्रारेड गन (लांबूनच पृष्ठभागाचं तापमान सांगणारी) घेतली आणि ती दिव्याखाली बसलेली असताना पाठीच्या सगळ्यात उंच भागावर धरली. ४६ डिग्री. तिच्या पुढच्या पायांजवळच्या मातीवर धरली तर २८. म्हणजे एकाच प्राण्याची पाठ भाजत होती आणि पाय, पोट, डोकं गार होतं, आणि या सगळ्यात भिंतीवरचा काटा शांतपणे ३१ दाखवत होता. त्या दिवशी मला खरंच फार वाईट वाटलं, कारण ती दिव्याच्या कडेला अर्धी आत अर्धी बाहेर बसायची ते मी रोज बघत होतो आणि मला वाटायचं तिला तशीच बसायची सवय आहे.

तर हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांचं कासव असं वरचेवर बिघडतं आणि बल्ब बदलला की थोडे दिवस सुधारतं. बहुतेक वेळा बल्ब खराब नसतो. उष्णता एका जागी, यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण, घरात खास ट्यूबमधून मिळणारे) दुसऱ्या जागी आणि थर्मामीटर तिसऱ्याच जागी अशी मांडणी झालेली असते.

आधी हे समजून घ्या की उष्णता आणि यूव्हीबी एकाच जागी का लागतात, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, अन्न पचवायला सुद्धा त्याला बाहेरून ऊब घ्यावी लागते. पोट भरून खाल्लं आणि नंतर गार जागी बसलं तर ते अन्न आत पडून राहतं, म्हणून शी बंद होते आणि भूक मरते. आता यूव्हीबी. हे २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण कातडीतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यावर पडले की त्यातून व्हिटॅमिन डी३ च्या आधीची एक पायरी तयार होते, आणि तिचं खऱ्या डी३ मध्ये रूपांतर व्हायला अंगात ऊब लागते. पुढे यकृत आणि मूत्रपिंडातून जाऊन ते कामाला येतं आणि मग कुठे खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातून शोषलं जातं. म्हणजे यूव्हीबी भरपूर पण अंग गार असेल तर काम अर्धवट राहतं, आणि अंग गरम पण यूव्हीबी नसेल तर कॅल्शियम पावडर कितीही भुरभुरा, ती नुसती पोटातून निघून जाते. उन्हात हे दोन्ही एकाच वेळी अंगावर पडतं, कासवाला त्याचीच सवय आहे, त्याला "आता ऊब घेतो, मग पलीकडे जाऊन यूव्हीबी घेतो" असं कळत नाही. ते ऊब शोधत जातं, बास.

माझ्याकडे नेमकं हेच चुकलं होतं. बल्ब डाव्या टोकाला आणि यूव्हीबीची ट्यूब उजव्या टोकाला, का तर तिथे लावायला सोयीचं होतं. म्हणजे ती ट्यूब रोज बारा तास रिकाम्या गार मातीवर जळत होती.

मोजायचं कसं ते सांगतो. कासवाच्या पाठीइतक्या उंचीचा एक सपाट दगड किंवा उपडं मातीचं भांडं दिव्याखाली ठेवा, दिवा लावून तासभर जाऊ द्या आणि मग त्याच्यावर गन धरा, शिवाय बाजूच्या जमिनीवर, गार टोकाला आणि लपायच्या जागेत पण धरा. गन नेहमी उघड्या जागेतून धरायची, काचेतून धरली तर ती काचेचं तापमान सांगते. हवेचं तापमान हवं असेल तर वायरचा प्रोब (वायरच्या टोकाला असलेलं मोजणारं टोक) असलेलं डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब कासवाच्या उंचीवर ठेवा. ते चिकटवायचे गोल काट्याचे आणि पट्टीचे थर्मामीटर काढून टाका, मी स्वतः दोन शेजारी शेजारी लावून बघितले तर पाच डिग्रीचा फरक दिसला.

आकडे जातीप्रमाणे बदलतात. हर्मन, ग्रीक, रशियन यांना दिव्याखाली पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ आणि गार टोकाला २० ते २४ चालतं. सुल्काटा आणि लेपर्डला दिव्याखाली ३५ च्या आसपास लागतं आणि बाकी जागा पण जरा उबदारच लागते. रेड-फूट हे जंगलातलं कासव आहे, त्याला भगभगीत दिवा अजिबात आवडत नाही, दिव्याखाली ३० ते ३२ पुरे, बाकी सगळीकडे २६-२८ आणि दमटपणा भरपूर. कुठल्याही जातीला पूर्ण खोका, म्हणजे कासवाचं घर, एकाच तापमानाला ठेवायचा नाही, गरम टोक आणि गार टोक असा फरक हवाच, कारण कासव चालत जाऊनच स्वतःचं तापमान ठरवतं, आणि ती निवड आपण काढून घेतली तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

गन यायच्या आधीसुद्धा कासवाकडे बघून बरंच कळतं. दिव्याखाली चारही पाय पसरून, मान लांब करून, मागचे तळवे वर करून पडलं असेल तर तापमान जमलंय. तास-दीड तास शेकून उठून फिरायला आणि खायला गेलं तर उत्तम. दिवसभर दिव्याखालून हलतच नसेल तर दिवा कमी पडतोय किंवा बाकीचा खोका फार गार आहे. कडेला अर्धं आत अर्धं बाहेर बसत असेल तर मधला भाग जास्त तापलाय किंवा उजेडाचा गोल फार लहान आहे. दिव्याकडे फिरकतच नाही, लांबच्या कोपऱ्यात खोल खणून बसतं, तर तिथे फार गरम, फार कोरडं किंवा फार प्रखर आहे. हे सगळं सकाळी दिवा लागल्यापासून पहिले दोन तास बघायचं, दुपारी बघून काही कळत नाही.

आता कुठला दिवा. माझं स्पष्ट मत असं की दिवसाच्या उबेसाठी साधा हॅलोजन फ्लड बल्ब सगळ्यात चांगला, महागड्या डब्यातला "रेप्टाइल स्पेशल" असण्याची गरज नाही. फ्लड म्हणजे ज्याचा झोत पसरतो तो. स्पॉट बल्बचा झोत बशीएवढा गोल पाडतो आणि कासवाच्या पाठीचा मधला भागच तापवतो, माझ्याकडे तेच झालं होतं. शिवाय कासवाची पाठ घुमटासारखी, तिचा माथा दिव्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून पालीसरड्यांना चालणारा दिवा त्याच अंतरावर कासवाला चटका देऊ शकतो. उजेडाचा उबदार गोल निदान अख्ख्या कासवाएवढा हवा, शक्यतो त्याहून मोठा. मी १०० वॅटचा स्पॉट काढून ५० वॅटचे दोन फ्लड शेजारी शेजारी आणि जरा उंच लावले, एकूण वॅट तेवढेच, पण पाठीवर ४६ चे ३५ झाले आणि पायांजवळ २८ चे ३२. तिने तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण पाय पसरले.

मर्क्युरी व्हेपर बल्ब ऊब, उजेड आणि यूव्हीबी तिन्ही एकत्र देतो, त्यामुळे "दोन्ही एकाच जागी" हा प्रश्न सुटतो, मोठ्या खोक्यात तो कामाचा आहे. पण त्याच्या अडचणी माहीत हव्यात. तो डिमरवर चालत नाही, थर्मोस्टॅटवर (तापमान बघून दिवा आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र) लावायचा नाही, तापमान कमी-जास्त करायचा एकच मार्ग म्हणजे वर-खाली टांगणं. आणि लाइट क्षणभर जाऊन आली तर तो लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं लागतात मगच पेटतो, मी एकदा फ्यूज झाला समजून चांगला बल्ब काढून ठेवला होता.

पोटाखाली गरम करणारी मॅट आणि गरम होणारे प्लास्टिकचे दगड नकोच. कासव गारव्यासाठी खाली खणतं, त्याच्या डोक्यात "खाली म्हणजे गार" हे पक्कं असतं, आणि पोटाखालून बसणारा चटका त्याला वेळेत कळत नाही. लाल आणि निळे "नाइट" बल्ब पण नकोत, कासवाला रंग उत्तम दिसतात, लाल उजेड त्याच्यासाठी अंधार नाही, त्यात त्याची झोप मोडते. रात्री ऊब हवीच असेल तर सिरॅमिक हीटर घ्या, तो उजेड अजिबात देत नाही. भूमध्य प्रदेशातल्या जातींच्या मोठ्या आणि तब्येतीने चांगल्या कासवाला कोरड्या जागी रात्री १५ पर्यंत उतरलेलं चालतं, उलट तो उतार चांगलाच, पण रेड-फूटला साधारण २२-२४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि नाक वाहणाऱ्या किंवा आजारी कासवाला कुठल्याही जातीत रात्री ऊब द्यायची.

यूव्हीबीसाठी लांब टी५ (बारीक व्यासाची) ट्यूब, मागे रिफ्लेक्टर लावलेली, आणि तिचा मोठा भाग बास्किंगच्या म्हणजे शेकायच्या जागेवर आलेला, अशी मांडणी करा. टी५ पाठीपासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर चालते, जुन्या, जाड टी८ चा जोर कमी, ती साधारण १५ ते २५ वर आणावी लागते, पण हे ट्यूबच्या यूव्हीबीच्या टक्केवारीवर अवलंबून आहे म्हणून डब्यावरचा तक्ता वाचा. लहान गुंडाळीचे कॉम्पॅक्ट बल्ब मला आवडत नाहीत, त्यांचा पट्टा फार लहान, कासव अर्धा फूट सरकलं की बाहेर. आणि दिवा वरूनच हवा, बाजूने नको. भुवईसारखा डोळ्यावरचा भाग वरच्या प्रखर उजेडापासून डोळा वाचवतो, बाजूने आलेला उजेड थेट डोळ्यात जातो आणि डोळे सुजतात.

काचेतून यूव्हीबी जात नाही. खिडकीतलं ऊन अंगावर पडतंय म्हणून समाधान मानू नका, त्यातून फक्त ऊब आणि उजेड मिळतो, आणि बंद काचेच्या टाकीत त्या उन्हाने कासव शिजू शकतं. ट्यूब आणि कासवाच्या मधे काच किंवा साधं प्लास्टिक नको. बारीक जाळी असेल तर ती तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत यूव्हीबी खाऊन टाकते, म्हणून ट्यूब जाळीच्या आत घ्या किंवा अंतर कमी करा. २०१० मध्ये गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातल्या पाली-सापांवर पडणारा यूव्ही मोजून त्याच्या जोराप्रमाणे चार झोन मांडले, पुढे तेच झोन कासवांसाठीही वापरले जाऊ लागले. भूमध्य प्रदेशातली कासवं तिसऱ्या झोनमध्ये धरतात, म्हणजे सरासरी यूव्ही इंडेक्स (यूव्हीचा जोर सांगणारा आकडा) १.० ते २.६, आणि दिव्याखाली पाठीच्या उंचीवर ३ ते ४ मिळाला तरी चालतं, फक्त बाकी खोक्यात सावली भरपूर हवी. इंडेक्स मोजायला सोलरमीटर ६.५ मिळतो, स्वस्त नाही, पण चार-पाच कासववाल्यांनी मिळून एक घेतला तरी सगळ्यांचं काम होतं.

आता मूळ प्रश्न, एकदा सगळं नीट लावलं तरी काही महिन्यांनी पुन्हा का बिघडतं? मला याची पाच कारणं सापडली आणि पाचही माझ्याच खोक्यात सापडली. पहिलं, ट्यूब म्हातारी होते. डोळ्याला ती तशीच लख्ख दिसते पण यूव्हीबी घटत जातं, मीटर नसेल तर टी८ सहा महिन्यांनी आणि टी५ वर्षाने बदला. मी आता ट्यूबच्या टोकाच्या धातूवर मार्करने लावल्याची तारीख लिहितो. दुसरं, धूळ. माझी ट्यूब ओल्या फडक्याने पुसली, अर्थात बंद करून थंड झाल्यावर, तर फडक्यावर राखाडी पट्टा उमटला, कोरड्या मातीत कासव दिवसभर खणतं ती धूळ वरच जाते. तिसरं, खोलीचं तापमान. त्याच बल्बखाली खोली ३० ला असताना ३५ मिळतात आणि खोली १८ ला आली की २७ सुद्धा मिळत नाहीत, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा मोजायचं, गेल्या वेळचा आकडा धरून बसायचं नाही.

चौथ्या कारणाकडे कोणाचंच लक्ष जात नाही. माती. मी दर महिन्याला थोडी नवी माती आणि नारळाचा भुसा टाकायचो, कासव ते उकरून दिव्याखालीच ढीग करायचं, आणि तीन महिन्यांत जमीन पाच सेंटीमीटर वर आली होती. दिवा ३० सेंटीमीटरवरून २५ वर आला तर साध्या हिशोबाने मारा जवळजवळ दीडपट होतो. त्यात कासव वाढतं, पाठ उंच होते, ते अंतर आणखी कमी. म्हणून जमिनीपासून नाही, पाठीपासून अंतर मोजायचं, पट्टी घेऊन. पाचवं, व्होल्टेज. ते १० टक्के उतरलं की फिलामेंटचा बल्ब साधारण १५ टक्के वॅट कमी ओढतो आणि सिरॅमिक हीटर १९ टक्के, म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर सकाळी मोजलेलं तापमान संध्याकाळी खरं नसतं. त्यासाठी थर्मोस्टॅट लावा. हॅलोजनला डिमिंगवाला, सिरॅमिकला पल्स किंवा साधा ऑन-ऑफवाला चालतो. पण प्रोब घट्ट बांधा. माझ्या कासवाने एकदा प्रोब पायाने ओढून गार कोपऱ्यात नेला, थर्मोस्टॅटला वाटलं थंडी आहे आणि दिवा पूर्ण जोरात जळत राहिला. नशीब मी घरात होतो. तेव्हापासून प्रोब जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात, बास्किंगच्या जागेच्या कडेला, स्क्रूने पक्का.

दिवे टायमरवर १२ ते १४ तास, रात्री पूर्ण अंधार. बल्ब क्लिपवर नुसता अडकवू नका, साखळीने टांगा आणि वर दुसरा वेगळा आधार द्या, होल्डर चिनी मातीचा हवा. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग २०० डिग्रीच्या वर जातो आणि तो पेटलाय हे नुसतं बघून कळत नाही.

दिवे जमले तरी पाठीवर उंचवटे येत असतील तर कोरडेपणा बघा. २००३ मध्ये सुल्काटाच्या पिल्लांवर झालेल्या एका अभ्यासात प्रोटीनपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम उंचवट्यांवर जास्त दिसला. हॅलोजन पाठ कोरडी करतो हे खरंच आहे, त्यामुळे पिल्लांना दमट लपायची जागा आणि रोज कोमट पाण्यात बुडकी द्याच, पाणी हनुवटीच्या खाली.

ट्यूब चांगली असेल तर डी३ च्या गोळ्या-पावडरी अंदाजाने देऊ नका. कातडीत बनणारं डी३ शरीर स्वतःच आवरतं, जास्तीचा भाग निरुपयोगी द्रव्यात बदलतो, पण तोंडातून दिलेल्याला तसा लगाम नाही.

आणि नाकातून फेस किंवा बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान ताणून श्वास, डोळे सुजून बंद, मोठ्या कासवाची पाठ बोटाने दाबली तर लवतेय, मागचे पाय ओढत चालतंय, यातलं काहीही दिसलं तर दिवे हलवत बसू नका, त्याच दिवशी व्हेटकडे न्या, जाताना खोक्याचा फोटो, बल्ब-ट्यूबच्या डब्यांवरची माहिती, ट्यूब लावल्याची तारीख आणि पाठीच्या उंचीवर मोजलेलं तापमान कागदावर लिहून घेऊन जा.